कुलूपवाल्यांना पूल, आम्हाला ‘लवकरच’

किस्से काही ठरवून गोळा होत नाहीत. तीन म्हातारी माणसं रोज चारच्या चहाला कॉम्प्युटरवर एकच गेम खेळायला बसली, की किस्से आपोआप साठतात, डब्याच्या तळाशी साखर साठते तसे. मग एक दिवस डबा उपडा करावा लागतो.

ही तीन माणसं म्हणजे मी, जळगावची. दुसरी सुमन, माझी जुनी शेजारीण. लेकाची बदली झाली तशी धुळ्याला गेली आणि गुडघ्यांनी तिला तिथं घरातच बसवलं. तिसरे नाना, दीपनगरच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले आणि अजून ड्युटीवर असल्यासारखं बोलणारे. गेम साधा. नदीच्या काठी आपापली वस्ती उभी करायची, शेळ्या पाळायच्या, विहीर खोदायची. कानाला हेडफोन लावून सगळ्यांनी मिळून खेळायचं आणि खेळता खेळता गावभरच्या सुनांची उणीदुणी काढायची. सुमनची आणि माझी भेट ती तेवढीच.

*

गेम विकणारी दुकानं इंटरनेटवर दोन. एक कुलूपवालं. तिथून घेतलेला गेम उघडायला गेलं, की तो आधी कंपनीला विचारतो, ‘ही बाई खरंच मालकीण आहे का?’ या कुलपाला डीआरएम म्हणतात. दुसरं दुकान बिनकुलपाचं. एकदा विकत घ्या, फाइल पेनड्राइव्हवर ठेवा, विषय संपला. व्हर्जन सारखं असलं की दोन्हीकडचे लोक एकत्र खेळू शकतात.

सुमन आणि नानांनी कुलूपवाला घेतला. मी बिनकुलपाचा.

नाना म्हणाले, “अक्का, सगळं जग तिकडं जातं, तुम्हीच उलट्या का?”

म्हटलं, “नाना, उद्या पाटा-वरवंटा घेतला, तर चटणी वाटायच्या आधी दुकानदाराला फोन लावायचा का?”

सुमन हसून म्हणाली, “शांते, तुले कोनीच कुलूप लाई शकत नही!”

*

मग सुरू झालं अपडेटचं राजकारण.

गेममध्ये एक गडबड होती. पाऊस पडला की शेळ्या छपरावर चढायच्या आणि खाली यायचंच विसरायच्या. कंपनीनं दुरुस्ती काढली, एवढी बारीक की एकत्र खेळणं काही अडलं नाही. कुलूपवाल्यांना त्याच दिवशी. आम्हाला? आम्हाला एक गोड शब्द : ‘लवकरच’. गेम तोच, पैसे तेच, कंपनी तीच!

नाना रोज खवचटपणे विचारायचे, “काय अक्का, शेळ्या अजून वरच?”

म्हटलं, “तुमच्या उतरल्या, कारण त्यांना हुकूम पाळायची सवय आहे. माझ्या स्वतंत्र आहेत!”

*

मी गप्प बसणारी नाही. इंग्रजी मला कोणी शिकवलं नाही, औषधांच्या खोक्यांवरून आणि गेमच्या सूचनांवरून मी ते ओढून काढलं. त्याच इंग्रजीत कंपनीला लिहिलं, “शेळ्या छपरावर आहेत. दुरुस्ती पाठवा.”

उत्तर आलं, “आम्हाला आपल्या भावना समजतात. कृपया नवीन व्हर्जन वापरून पाहा.”

मी लिहिलं, “तेच तर मागते आहे!”

उत्तर आलं, “आपली कॉपी अधिकृत आहे का?”

डोकं असं सणकलं! पावती पाठवली. वर लिहिलं, “चोर मी की तुम्ही ते आता ठरवा.”

उत्तर आलं, “पावतीबद्दल आभार. कृपया नवीन व्हर्जन वापरून पाहा.”

*

आणि मग आला पूल.

मोठं अपडेट! नदीवर पूल, पलीकडे काळी जमीन, डोंगर, बाजार. कुलूपवाल्यांना लगेच. मला पुन्हा ‘लवकरच’. नाना आणि सुमन पूल ओलांडून गेले. मी चार वाजता बसले तर पडद्यावर पाटी : व्हर्जन जुळत नाही, एकत्र खेळता येणार नाही.

म्हणजे आता छपरावर शेळ्या आणि खाली मी.

सुमनचा फोन आला. “काय करी ऱ्हायनी व? तुन्ही वाट देखी देखी मन्हा चहा थंडा व्हई गया.”

“पी तू चहा. माझ्याकडं पूल नाही.”

“मंग लई ले ना तो कुलूपवाला! नाना दिवसभर वीज केंद्राच्याच गोष्टी सांगतस. मन्हासंगे बोलाले कोनी नही.”

“मी एकदा विकत घेतलाय सुमे. तोच गेम दुसऱ्यांदा घेणार नाही.”

तिनं फोन ठेवून दिला. सुमननं असा फोन ठेवला, की समजावं तिला लागलं आहे.

*

आमच्या कोपऱ्यावर प्रवीणचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. माउस बिघडला म्हणून गेले होते. बोलता बोलता बिनकुलपाचं सांगितलं, तर हा दीडशहाणा म्हणतो, “अक्का, कुलूप नाही म्हणजे चोरीचा माल असणार.”

“चोरीचा पाहिजे असता तर तुझ्याकडून नेला असता!”

दुकानातली गिऱ्हाइकं हसली. प्रवीणही हसला. मग हळूच एक पेनड्राइव्ह पुढं सरकवून म्हणाला, “अक्का, माझ्याकडच्यात पूल आलाय.”

ऐका! कुलूपवाल्याला पूल. कुलूप फोडणाऱ्याला पूल. आणि पैसे मोजून, पावती घेऊन, इमानदारीनं बसलेली म्हातारी या काठावर! पेनड्राइव्ह मी त्याच्या शर्टाच्या खिशात परत घातला आणि म्हटलं, “आधी माउस नीट कर.”

*

नानांचाही माज एक दिवस उतरला. लेकीकडं मुक्ताईनगरला गेले होते, लॅपटॉप घेऊन. तिथं इंटरनेट बंद पडलं. दुपारी फोन.

“अक्का, गेम उघडत नाही. म्हणतो, खात्री करायची आहे.”

“कोणाची खात्री?”

“माझी!” नानांचा आवाज चिरका झाला. “अहो, वीज केंद्राच्या गेटवर मला कधी कोणी ओळखपत्र मागितलं नाही. आणि माझ्याच लॅपटॉपवर माझाच गेम मला विचारतो, तू कोण?”

मी म्हटलं, “नाना, या इकडं, माझ्या काठाला. शेळ्या सांभाळायला माणूस पाहिजेच आहे.”

इंटरनेट आलं आणि नाना पुन्हा कुलपाचे गुण गाऊ लागले. नोकरीतली सवय, दुसरं काय!

*

आता शेवटचा. हा सांगताना नाना अजून खुर्चीवरून पडतात.

पुलाला बरेच दिवस झाले. ‘लवकरच’ काही संपेना. सुमनचे फोन कमी झाले. आधी रोज यायचे, मग दिवसाआड, मग मीच केला तर. आवाजही बारीक. तिच्या लेकानं सांगितलं, “मावशी, आई चार वाजता कॉम्प्युटर लावते आणि नुसती बघत बसते.”

रात्रभर मनाशी भांडले. सकाळी उठले आणि तोच गेम कुलूपवाल्या दुकानातून दुसऱ्यांदा विकत घेतला. दात ओठ खाऊन घेतला! कोणाला सांगितलं नाही. चार वाजता एकदम सुमनच्या दारात जाऊन उभं राहायचं ठरवलं.

चार वाजले. पूल ओलांडला. पूल सुंदर होता, खोटं का बोलू! पलीकडे नाना बाजारात उभे.

हेडफोनमध्ये ओरडले, “अक्का! तुम्ही? कुलूप लावून?”

“बोंबलू नका. सुमन कुठं आहे?”

“ती आज आलीच नाही.”

धुळ्याला फोन लावला, स्पीकरवर. सुमननं पहिल्याच घंटीला उचलला, आणि माझ्याआधी तीच तडकली, “कथी शे तू? वस्ती उघड ना! मी कव्हयनी तुन्ही वेशीवर उभी शे!”

“माझ्या वेशीवर? मी तर पूल ओलांडून तुझ्या दारात आहे!”

मग ती म्हणाली, “माय व... मी तं आज बिनकुलपाना गेम इकत लिधा. तुन्हासाठे.”

नाना हेडफोनमधून सगळं ऐकत होते. त्यांना राहवलं नाही.

“मग आता मागं कोण फिरणार?”

“ती!” आम्ही दोघी एकदम म्हणालो.