नॉर्बचा दहावा डाव

नॉर्ब क्रायेव्स्की हा मिलवॉकीच्या दक्षिण भागातला सगळ्यात सभ्य पळपुटा. बिअरच्या कारखान्यात बॉयलर सांभाळून निवृत्त झाला होता, बायको जाऊन जमाना लोटला होता. रोजची संध्याकाळ तो डोलोरेसच्या बारमध्ये काढी. तिचाही नवरा केव्हाच वारलेला. शुक्रवारी तळलेले मासे नॉर्बच वाढी, बिअरची पिंपं नॉर्बच बदली, गळकं छप्परही त्याच्याच गळ्यात. लग्नाचं तेवढं विचारलं की म्हणे, "कोणी चारशेची सरासरी गाठू दे, दुसऱ्या दिवशी करू."

बेसबॉलमध्ये चारशे म्हणजे दर दहा पाळ्यांना चार फटके, तेही अख्खा मोसम. महायुद्धाच्या दिवसांनंतर ते कोणालाच साधलेलं नव्हतं. सूर्य पश्चिमेला उगवला की करू, असं म्हणायचीच ही मिलवॉकीची रीत. डोलोरेस हसायची. पण तिने साठी ओलांडली होती, आणि अलीकडे ते हसू यायला जरा वेळ लागायचा.

मग साथ आली, सगळ्यांच्या तोंडाला मास्क लागले आणि एकशे बासष्ट सामन्यांचा मोसम साठांवर आला. एवढ्याशा मोसमात काहीही घडू शकतं. सप्टेंबर संपत आला तरी आपल्या संघातलं आर्केडिओ नावाचं पोर चारशेच्या वरच. नॉर्बच्या तोंडचं पाणी पळालं.

"हा काय मोसम आहे?" बारच्या मागच्या अंगणात, खिडकीत ठेवलेल्या टीव्हीसमोर तो कुरकुरला. "साठ सामने म्हणजे नुसती चव. खरा मोसम असता तर पोरगं केव्हाच घसरलं असतं."

"विक्रमांच्या पुस्तकात तर जाणार ना?" डोलोरेस म्हणाली. "विक्रम धरायला लागणाऱ्या पाळ्यासुद्धा त्यांनी सामन्यांच्या हिशेबात कमी केल्यात. मी वाचलंय."

"तू कशाला वाचतेस असलं?"

"कोणीतरी वाचायला हवं. नवरी मी आहे."

नॉर्बने मोर्चा दुसरीकडे वळवला. "एका दिवशी दोन सामने असले की नऊऐवजी सात-सातच डाव. आणि एरवी नऊ डावांत निकाल नाही लागला, तर दहाव्यात दुसऱ्या बेसवर, म्हणजे धावेच्या अर्ध्या वाटेवर, फुकटात एक माणूस उभा करतात. फटका नाही, पळणं नाही, साहेब आपले आयते हजर. का, तर सामना संपावा आणि लोकांनी घरी जावं. ह्याला खेळ म्हणतात?"

शेवटच्या रविवारी नेमके दोन सामने होते. दुसऱ्या सामन्यात आर्केडिओ चारशेच्या केसभर खाली आला. आणखी एक फटका पुरला असता. सातव्या, म्हणजे शेवटच्या डावात तो हेल्मेट घालून, बॅट घेऊन पाळीची वाट बघत होता, तेवढ्यात त्याच्या आधीचा बाद झाला. तीन बाद झाले की डाव खलास. सामना संपला, मोसमही संपला.

सुंठेवाचून खोकला गेला म्हणून नॉर्बने खरं तर ब्रँडी मागवायला हवी होती. तो मात्र टीव्हीकडे बोट रोखून उभा राहिला.

"लुटलं पोराला. दोन डाव खाल्ले. एक पाळी हवी होती, डोलोरेस, एकच." त्याला फार वाईट वाटलं, आणि आपल्याला वाईट वाटतंय याची त्याहून लाज वाटली.

डोलोरेसने टीव्ही बंद केला. "सुटलास," ती म्हणाली. या वेळी ती हसली नाही.

"मी कुठे म्हणालो तसं?"

"मग बस खाली आणि ऐक. आपले नऊ डाव झाले, नॉर्ब. कोणी जिंकलं नाही, कोणी हरलं नाही. पहिल्या बेसवर तू इतकी वर्षं उभा आहेस की पायाखाली गवत उगवलंय. आता दहावा सुरू. मी तुला दुसऱ्यावर ठेवतेय. फुकटात."

"तो नियम भिकार आहे."

"आहेच. पण लोक घरी जातात."

नॉर्ब उठला आणि सगळे खिसे चाचपायला लागला.

"काय हरवलं?"

"मास्क," तो म्हणाला. "उद्या लग्नाच्या परवान्याला कचेरीत त्याच्याशिवाय आत घेणार नाहीत."