सायलीची हजेरी

"तू? न्यूयॉर्कला?" सर खुर्चीत मागे रेलले. "अगं, करंजाहून तिकडे होडी नाही जात."

चेंबरमध्ये सात-आठ पक्षकार बसले होते. सगळे हसले. उरणचे एक चाचा, उभं आयुष्य आखातात नोकरी करून परतलेले, ते एकटे हसले नाहीत. त्यांनी मान खाली घातली. मी मात्र हसले. दात दाखवून हसले. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे सांगणार आहे तेही असंच आहे. अपमान त्यांनी केला आणि साथ मी दिली.

मी वकील आहे. पनवेल कोर्टासमोरच्या सरांच्या चेंबरमध्ये चार वर्षं ज्युनिअर होते. घर करंजाला. आई बंदरावरच्या लिलावात मासळी घेते, सुकवते, बाजारात विकते. आमच्या आळीत काळा कोट घालणारी मी पहिली. सरांकडे वकिली तिसऱ्या पिढीची. पहिल्याच महिन्यात कोर्टात माझ्या तोंडून 'नाय' निघालं. बाहेर आल्यावर सरांनी कारकुनासमोर माझ्याकडून दहा वेळा 'नाही' म्हणवून घेतलं. मी म्हटलं. चिरनेरच्या जंगल सत्याग्रहातल्या हुतात्म्यांवर सर दरवर्षी भाषण करतात. जंगल कोणाचं, हक्क कोणाचा, असं. टाळ्या पडतात. ते भाषण मी लिहून द्यायचे.

सायली त्यांची मुलगी. माझी वर्गमैत्रीण. तिला न्यूयॉर्कची बार परीक्षा द्यायची होती, म्हणजे तिथे वकिली करता येते. सर म्हणाले, "तिचा अर्ज तू भरून टाक." भरायचा म्हणून मी नियम वाचायला घेतले. परदेशात कायदा शिकलेल्याला ही परीक्षा देता येते, पण आधी पात्रता सिद्ध करावी लागते. तुमच्या देशाचा कायदा इंग्रजी वळणाचा हवा. अभ्यासक्रम पुरेशा वर्षांचा हवा. आणि शिक्षण वर्गात बसून घेतलेलं हवं, पोस्टाने नाही, घरबसल्या नाही. कॉलेजने तसं पत्र सीलबंद पाकिटात थेट तिकडे पाठवायचं. उमेदवाराने त्याला हातही लावायचा नाही.

वाचता वाचता माझ्या लक्षात आलं, हे सगळं माझ्याकडे आहे. तीन वर्षं मी वर्गात बसलेय. करंजाहून पहाटे निघून, उरणला गाडी बदलून, सकाळच्या पहिल्या तासाला. इतकी वर्षं वाटायचं, असल्या गोष्टी दुसऱ्यांसाठी असतात. त्या दिवशी धीर करून सरांना म्हटलं, "सर, मीही अर्ज करते." त्यावर ते होडीचं बोलले.

आता माझी गोष्ट.

सायली पहिलं वर्ष कॉलेजला आली. मग जवळजवळ यायचीच बंद झाली. कधी दिल्ली, कधी गोवा, कधी नुसता कंटाळा. एकदा सर कॉलेजच्या दारात भेटले. ते कॉलेजच्या संचालक मंडळावर आहेत. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू हुशार आहेस. सनद मिळाली की माझ्याकडेच ये. आणि सायलीची हजेरी तेवढी बघ."

मी बघितली. हजेरीचा कागद बाकावरून फिरत यायचा. त्यावर आधी माझी सही, मग तिची. तिची सही मी वहीच्या मागच्या पानावर गिरवून गिरवून शिकले. शेवटचा फराटा साधेना, तो आठवडाभर घोटला. आणि साधला तेव्हा मला अभिमान वाटला. हे लिहिताना आजही कान तापतात. जिच्या घरातल्या मोलकरणीला माझ्यापेक्षा जास्त मान होता, तिचं नाव मी दोन वर्षं माझ्या हाताने हजर ठेवलं. चेंबर मिळेल म्हणून. मोठ्यांच्या कामाला आलो म्हणून.

सायलीच्या पत्रासाठी सर प्राचार्य बाईंकडे गेले. बाई त्याच वर्षी प्राचार्य झाल्या होत्या, पण त्याआधी आम्हाला शिकवायला होत्या. त्यांना सायलीचा चेहरा आठवेना. त्या म्हणाल्या, हजेरीपत्रकं आहेत ती ठीक, पण वर्गातल्या कोणाचं तरी प्रतिज्ञापत्र द्या, मग पत्र देते.

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर टाइप केलेला कागद. 'सत्य प्रतिज्ञेवर सांगते की, सायली ही माझ्यासोबत वर्गात नियमित हजर असे.' खाली माझं नाव.

"सोमवारी नोटरीकडे जाऊ," सर म्हणाले. "तुझ्या पत्राचंही मीच बाईंना सांगतो. जा बाई तूही न्यूयॉर्कला."

तेव्हाही मी मान डोलावली. कागद पर्समध्ये घातला.

रविवारी दुपारी आई बांबूवर बोंबील टांगत होती. मी तिच्या हाताखाली लागले आणि सगळं सांगितलं. तिला परीक्षेचं फार कळलं नाही. सहीचं बरोबर कळलं.

"तिची सही तू करायचीस?"

"हां."

"रोज?"

"रोजचीच म्हन."

"तुला ताप आलेला, तरी गेलेलीस पावसात. मी नको नको म्हनत व्हती. ती तिच्या सहीसाठी?"

मी पुढचा बोंबील तिच्या हातात दिला.

"नि तू नसती गेलीस, तं तुजी कोन करनार व्हता?"

"कोनी नाय, आये."

ती बांबूकडे वळली. बोंबील टांगत राहिली. मला वाटलं होतं ती चिडेल, शिव्या देईल. ती माझ्याकडे बघेचना. आपल्या पोरीची लाज वाटल्यावर माणूस असंच करतं, हे मला तिथे उभ्या उभ्या समजलं.

सोमवारी सरांच्या टेबलावर तो कागद परत ठेवला.

"सर, मी यावर सही करणार नाही."

"का?"

"सायली वर्गात नव्हती."

"हजेरीपत्रक काय म्हणतं?"

"ते मी लिहिलंय."

सर शांतच होते. चष्मा काढला, पुसला. "म्हणजे खोट्या सह्या तू केल्यास. सायलीने नाही, मी नाही. माझ्या सांगण्याचा पुरावा काय? सनद जाईल तुझी. नीट विचार कर आणि ये."

कायद्याने ते बरोबर बोलत होते. तोच कायदा शिकायला मी चार वर्षं त्यांच्या फायली वाहिल्या. माझ्या लक्षात आलं की नुसतं नाही म्हणून भागत नाही. कागदावर सायली हजरच आहे आणि ती माझ्याच हाताने आहे. मी कोट उचलला आणि तिथूनच कॉलेजला गेले.

प्राचार्य बाईंनी मला ओळखलं. "पहिल्या बाकावरची ना? तुझं पत्र आजच देते." खरंच त्यांनी कागद पुढे ओढला. एक मिनिट गप्प बसले असते तर पत्र हातात नव्हे, थेट तिकडच्या पाकिटात पडलं असतं. मला ते किती हवं होतं हे माझं मला माहीत.

"मॅडम, आधी जुनी हजेरीपत्रकं काढा."

गठ्ठे आले. मी एकेक पान उलटत गेले आणि मी केलेल्या सहीसमोर पेन्सिलने खूण करत गेले. बाई बघत होत्या. शेवटचं पान उलटल्यावर म्हणाल्या, "हे लिहून दिलंस तर मला चौकशी समिती नेमावी लागेल. तोवर तुझंही पत्र थांबेल. कदाचित कायमचं."

"माहीत आहे."

मी जबाब लिहिला. दीड पान. अमुक वर्गात, अमुक काळात, मी सह्या केल्या. बाईंनी वाचला आणि परत माझ्याकडे सरकवला.

"कोणाच्या सांगण्यावरून, ते कुठे आहे?"

नव्हतंच. तेवढी ओळ मी लिहिलीच नव्हती. आणि मुद्दाम गाळलीही नव्हती, हेच वाईट. माझ्या हाताने त्या माणसाला आपोआप झाकलं होतं. खुणा केलेल्या त्या सगळ्या सह्यांपेक्षा मला या कोऱ्या जागेची जास्त लाज वाटली.

मी पेन उचललं. सरांचं पूर्ण नाव लिहिलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, संचालक मंडळावरच्या पदासकट. अक्षर वेडंवाकडं आलं. खोडलं नाही. खाली माझी सही केली.

समिती अजून बसायची आहे. सरांनी वकिलांच्या बाररूममध्ये सांगून ठेवलंय की मी बनावट सह्या करणारी बाई आहे. खरं आहे, होते. न्यूयॉर्कच्या अर्जात शिक्षणात कधी अप्रामाणिकपणा केला का, असा एक रकाना आहे. त्यात मी 'होय' लिहिलंय आणि जबाबाची नक्कल जोडलीय. कॉलेजने पत्र पाठवलं तर अर्ज या 'होय'सकट जाईल. नाही पाठवलं तर मी पनवेललाच उभी राहीन, आणि मला विचारलं जाईल तिथे, जितक्या वेळा विचारलं जाईल तितक्या वेळा, दोन नावं सांगेन. पहिलं माझं. दुसरं त्यांचं.