नको म्हणजे नको

कॅनडातल्या रेजिना शहरातल्या नर्सिंग एजन्सीने मला उत्तर सस्कॅचवानला पाठवण्याआधी दोन तासांचा ऑनलाइन कोर्स करायला लावला. विषय : तिथल्या मूळनिवासी डेने लोकांची संस्कृती. अमेरिकेच्या वाळवंटातल्या नव्हाहो लोकांचे हे उत्तरेतले भाऊबंद, भाषाही एकाच घराण्यातली, हे मला तिथेच कळलं. शेवटी बारा प्रश्न होते. चहा पीत पीत मी सगळे बरोबर सोडवले. ओकव्हिलहून नणंदेचा फोन आला, "वहिनी, तिकडे सेफ आहे ना? आणि ग्रोसरीचं काय?" म्हटलं, "अगं, मी फुल्ली ट्रेन्ड आहे."

गावाला रस्ता फक्त तळं गोठल्यावर, एरवी विमान. दवाखान्यात आम्ही दोघी नर्सेस, सहा-सहा आठवड्यांच्या बोलीवर आलेल्या. कायमची म्हणावी अशी एकच बाई, गावातली आरोग्यसेविका. दुभाष्याचं कामही तीच करायची. माझ्यासारख्या किती आल्या-गेल्या ते तिने पाहिलेलं असल्यामुळे माझं नाव पाठ करायची तिला घाई नव्हती. पहिल्या दिवशी तिने डबा पुढे करून विचारलं, "खाणार?" मी रीतसर "नको, नको" म्हटलं. तिने मान हलवली आणि डबा बंद केला. मी दुसऱ्या आग्रहाची वाट बघत दुपारपर्यंत उपाशी! त्यातून मी शिकले एवढंच, की इथे लाजायचं नाही.

मग एक आजी आली. सत्तरी ओलांडलेली, मधुमेह जुना, उजव्या पायाच्या बोटांना जखम आणि कडेने काळसर पडायला लागलेलं. विमानाने सॅस्कटून शहरात सर्जनकडे न्यायलाच हवं होतं, नाहीतर पाय जाणार. मी सांगितलं. आजी म्हणाली, "नको."

आता मराठी माणसाला पहिलं "नको" ऐकू येतं कुठे? पंगतीत जिलबी वाढणाऱ्याच्या जिद्दीने मी सुरू झाले. दोनच दिवसांचा प्रश्न आहे. तुमच्या भल्यासाठीच सांगते. माझ्या आईसारख्या आहात. मुलं किती, घरी कोण असतं, भीती कसली वाटते? आरोग्यसेविका आधी सगळं भाषांतर करत होती, मग निम्मं करू लागली. आजी भिंतीकडे बघत राहिली. पुन्हा एकदाही ती "नको" म्हणाली नाही. आमच्याकडे मौनं संमतिलक्षणम् म्हणतात. मी विमानाची सीट बुक करून टाकली, वर स्वतःच्या पेशन्सचं कौतुकही केलं.

विमान आलं, आजी आली नाही. पुढे ड्रेसिंगलाही येईना. मी चिडले. ज्या पेशंटला आपलं ऐकायचं नसतं त्याच्यासाठी आमच्या धंद्यात एक गोंडस इंग्रजी शब्द आहे. तो मी चार्टमध्ये लिहिला, 'नॉन-कम्प्लायंट', आणि माझी बाजू स्वच्छ झाली. असे दोन आठवडे गेले.

शेवटी आरोग्यसेविकाच म्हणाली, "तिने नाही म्हटलं होतं. तू परत का विचारलंस?"

"आमच्यात तसंच विचारतात. मायेने."

"आमच्यात एकदा विचारतात. परत विचारलं की त्याचा अर्थ, तुला कळत नाही."

मी ड्रेसिंगचं सामान घेऊन तिच्याबरोबर आजीच्या घरी गेले. आजीने दार उघडलं, पाय पुढे केला. जखमेला वास यायला लागला होता. मला ओरडावंसं वाटत होतं. मी पट्टी बदलली आणि गप्प बसले. एवढं गप्प मी माझ्या लग्नातसुद्धा बसले नव्हते. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी आजी बोलली, खिडकीकडे बघत, मध्ये मध्ये थांबत. आरोग्यसेविका हळूहळू सांगत गेली.

आजी सहा वर्षांची असताना तळ्यावर विमान उतरलं होतं. मूळनिवासी मुलांसाठीच्या सरकारी निवासी शाळेत न्यायला माणसं आली होती. मुलीच्या भल्यासाठीच, म्हणाले. आईने नाही म्हटलं. त्यांनी परत विचारलं. ती परत नाही म्हणाली. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा आई काहीच बोलली नाही, आणि त्यांनी हिला उचलून विमानात बसवलं. ती कायमची घरी आली तेव्हा अकरा वर्षांची होती. शाळेत फक्त इंग्रजी बोलू देत, त्यामुळे आई काय बोलते ते तिला कळत नव्हतं. स्वतःची भाषा तिला परत पहिल्यापासून शिकावी लागली.

मला स्वतःची भयंकर लाज वाटली. मग पाय असाच राहिला तर काय होईल ते मी सांगितलं, एकदाच, आणि विमान गुरुवारी आहे म्हणाले. येणार का, हे विचारलं नाही. जीभ अक्षरशः दातांखाली धरली होती.

गुरुवारी आजी पिशवी घेऊन धावपट्टीवर उभी होती.

पाय वाचला, दोन बोटं गेली. सर्जनने पत्रात लिहिलं होतं की दोन आठवडे आधी आणलं असतं तर बहुधा बोटंही राहिली असती. ते दोन आठवडे तिच्या हट्टाचे नव्हते, माझ्या मायेचे होते. आजी परत आल्यावर मी घरी जाऊन तिला ते सांगितलं आणि माफी मागितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मीही परत मागितली नाही.