तिसरा कोपरा

गाड्यांना पॉलिश करणाऱ्या वर्कशॉपशेजारी संसार थाटला की घरात दोन गोष्टी आपोआप साठतात. पांढरी पावडर आणि किस्से! पावडर ओल्या फडक्याने जाते. किस्से जात नाहीत, उलट पुसायला गेलं की जास्त चमकतात.

आमची बराक लढाईच्या वेळी सोल्जरांच्या कॅम्पात बांधलेली. निम्म्या भागात आमची खोली, निम्म्यात साईंचं वर्कशॉप, मध्ये पत्रा. साईं म्हणजे मालक. सिंधी माणूस, कॅम्पात सगळे त्यांना साईंच म्हणत. आमचे 'हे' तिथे पॉलिशवाले. पत्र्यापलीकडचं मला दिसत काही नसे, ऐकू मात्र सगळं यायचं. काळजी करायला तेवढं पुरतं!

*

विजेवर फिरणारं बफिंग मशीन आलं तेव्हा साईंना आकाश ठेंगणं झालं. लोकरीची टोपी घातलेली चकती, बटण दाबलं की गरागरा फिरणार! पूजा मांडली. हार, हळदकुंकू, उदबत्ती, सगळं झालं. नारळ फोडायला दगड तेवढा सापडेना. साईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि नारळ आपटला तो समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाच्या गाडीच्या बंपरवर!

नारळ शाबूत. बंपरच्या टोकाला पोचा.

"शुभ शकुन है," साईं म्हणाले. "पहिलं काम मिळालं!"

*

आठवडाही झाला नसेल. चालू मशीन एकदम थांबलं. पलीकडे शांतता. आमची शकू सहा महिन्यांची, तिला त्या घरघरीवरच झोपायची सवय. मशीन थांबताच ती उठली आणि भोकाड पसरलं. मडगार्डाच्या कडेवरचा रंग ह्यांच्या हातून पार निघाला होता. आतलं लाल अस्तर दिसत होतं.

बेलवलीहून येणारे गणपतमामा तिथले जुने कारागीर. जन्मभर हातानेच पॉलिश केलेलं. ते ह्यांना म्हणाले, "रंग काय कडेला थांबतो का रे? ओला असतानाच खाली उतरतो. मधे साय, कडेला नुसता पापुद्रा! तिथं मशीन दाबशील तर लाल अस्तर रामराम करायला बाहेर येणारच."

साईंनी एवढं शास्त्र सांगितलं नाही. ते म्हणाले, "ऐसे तीन कोने! तिसरा गेला की तुम भी गेला!"

त्या दिवसापासून मशीन थांबलं की शकू रडायची आणि मी हातातलं टाकून पत्र्याकडे धावायची. चहाला थांबलं तरी!

*

मी सातवीपर्यंत शिकले, पण मडगार्डाचा धडा काही आम्हाला नव्हता. तरी एकदा शकूला न्हाऊ घालताना ह्यांना म्हटलं, "पाठीवर मी अख्खा तळहात फिरवते. कानामागे फिरवते का? तिथे बोटच लागतं, तेही हलकं."

ह्यांनी दुसऱ्या दिवशी तसंच केलं. मशीन मधल्या भागावर, तेही चकती आतून कडेबाहेर फिरेल असं धरून. कडेवर कागदाची पट्टी. ती काढल्यावर कडा बोटावर मऊ फडकं गुंडाळून हातानेच.

साईंनी हे पाहून विचारलं, "कुणी शिकवलं?"

"बायकोने."

"वा! मग भाभीला फोरमन करू, तू बच्चे को नहला!"

*

मऊ फडकं म्हणजे शकूचे लंगोट. जुन्या लुगड्याचे, धुऊन धुऊन मलमल झालेले. एकदा घाईत ह्यांनी दोरीवरचा एक ओढून नेला. त्याला सेफ्टी पिन तशीच. गाडीच्या दरवाज्याच्या कडेवर अशी सरळ रेघ उमटली की शाळेत मला पट्टीनेही तशी आली नव्हती!

"दूसरा!" साईं ओरडले.

"पण हा मशीनने नाही गेला," हे म्हणाले.

"तो किसने किया? बच्चे ने? उसको निकालूं?"

दोन दिवस मी घरातल्या पिना मोजत बसले.

*

मग साईंनी स्वतः लक्ष घातलं. कडेच्या पट्ट्या गोंदाऐवजी कणकेच्या खळीने चिकटवायच्या, असा हुकूम. खळ अशी वाळली की पट्टी नखाने निघेना. सगळे जेवायला गेले आणि परत येऊन बघतात तर कुणाची तरी शेळी गाडीला लागलेली! कागद फस्त, खळ चाटून साफ, कडा झगझगीत. रंगाला ओरखडा नाही!

गणपतमामा म्हणाले, "साईं, हिला ठेवा. कोपऱ्याचा रंग उडवत नाही, चहा मागत नाही."

*

मग अंबरनाथच्या कारखान्यातल्या एका साहेबांची क्रीम रंगाची गाडी आली. बरोबर साहेबांच्या बाई. ह्यांनी चार दिवस जीव ओतला. प्रत्येक कड हाताने केली, पट्ट्या काढल्या, गाडी पुसून उभी केली. बाई दारात खुर्चीवर बसल्या होत्या. साईंना त्यांच्यापुढे मशीन फिरवून दाखवायची हुक्की आली.

"साईं, कडेला नको," हे म्हणाले.

"तू मला शिकवणार?"

घरघर... आणि एकदम शांतता.

शकू उठली. मी तिला काखेत मारलं आणि धावले. मडगार्डाच्या पलीकडच्या कोपऱ्यावर वाटाण्याएवढं लाल! मशीन साईंच्या हातात. बाई खुर्चीवरून उठत होत्या.

गणपतमामा छताकडे बघत म्हणाले, "साईं, तिसरा."

साईंनी ह्यांच्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग शकूच्या गालाकडे. गालावर मी नुकतीच लावलेली काजळाची तीट, अजून ओली. साईंनी बोटाने ती उचलली आणि मडगार्डाला लावली!

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"दृष्ट लागू नये म्हणून, बाई. आमच्याकडे गाडी म्हणजे घरची मुलगी!"

"अगं बाई! आमच्या घरात हे कुणाला सुचलं नाही!"

पुढच्या शनिवारी तीच गाडी परत दारात. मी पत्र्याला कान लावला.

"तीट पुसट झालीय हो," बाई म्हणत होत्या.

साईंची पावलं पत्र्याजवळ आली. मग पत्र्यावर थाप पडली.

"भाभी! बेबीला काजळ लावलं का?"