ढवळ्याचा चौकोन

मोताळा अजून दोन कोस राहिला होता, तेव्हा कडूबा गुरुजी पहिल्यांदा थांबले. उजवं मनगट दोन कामट्यांत बांधून गळ्यात अडकवलेलं, बोटं वांग्यासारखी काळीनिळी. डाव्या काखेत गोणपाटाची गुंडाळी. कौशल्याबाईंनी ती मागितली.

"राहू द्या, बाई. हात मोडला, काख शाबूत हाये. मागं ठेवलं असतं तर जाळलं असतं त्यायनं."

गावचे पाटील भगवंतराव यांच्या धाकानं धामणगावात कुणी बैलगाडी जुंपली नाही, म्हणून मोताळ्याच्या हाडवैद्याकडं पायीच निघावं लागलं. शाळेत शिक्षक म्हणून हे दोघंच. कौशल्याबाईंनी त्यांना एकटं जाऊ दिलं नाही.

"लय दुखते का, गुरुजी?"

"चाललं की दुखते, थांबलं की जास्त दुखते. चाला."

सारं झालं होतं ते त्या गुंडाळीपायी. पोळ्यानंतर गुरुजींच्या हाती कुठलंसं मासिक लागलं. त्यात न्यूझीलंडातल्या माओरी लोकांची एकीवरची एक म्हण होती: तुझी टोपली, माझी टोपली, दोन्ही मिळून सारे जगतील. दुसऱ्या कुणी ती फळ्यावर लिहून पोरांकडून घोकून घेतली असती. गुरुजींनी पोती फाडली, चौकोन कापले आणि वाटले. "मनातलं चित्र काढा. नाव कोनी टाकायचं नाही. आन् आपला चौकोन आपन जोडायचा नाही, शेजाऱ्याचा जोडायचा." गेरू, चुना, हळद, काजळी. आठ दिवसांत दाभण-सुतळीनं छत्तीस चौकोन एक झाले आणि वर्गाची भिंत झाकली गेली. गावाबाहेरच्या वस्तीतल्या पोरांचे त्यातले कुठले, हे कुणाला ओळखता येईना. गुरुजींना तेच हवं होतं.

काल दुपारी भगवंतराव आले ते चार गडी घेऊन.

"आमच्या लेकरायच्या चित्राले त्यायचं चित्र शिवलं म्हन्ते. कोनतं बे त्यायचं? दाखवा."

भगवंतरावांची नजर फिरत फिरत एका चौकोनावर अडली. मेलेला पांढरा बैल, पाय बांधलेले, दोन माणसं ओढून नेताहेत.

"हे पाहा! मेलं ढोर ओढनाऱ्याच्या पोराबिगर हे कोन काढीन?" त्यांनी गड्याच्या हातातला विळा हिसकला आणि चौकोन वरपासून खालपर्यंत चिरला.

"आबा! तो आपला ढवळ्या व्हता!"

ओरडली ती त्यांची नात तानू. पोळ्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांच्या गोठ्यातला ढवळ्या गेला होता. पाठीमागच्या रांगेतून कुणीतरी फिस्सकन हसलं. त्या हसण्यानं घात केला. भगवंतरावांनी तानूला वेणीला धरून भिंतीवर आपटलं. कपाळ फुटून रक्त गेरूच्या वाटीत ठिबकलं. त्यांनी तिला पुन्हा उचललं तसे गुरुजी मधे पडले. गड्यांनी गुरुजींना खाली पाडलं, त्यांचा हात उंबऱ्यावर दाबून धरला, आणि भगवंतरावांनी एका गड्याच्या कुऱ्हाडीच्या दांड्यानं तीन घाव घातले. तिसऱ्याला हाड मोडलं. ओली तुराटी मोडावी तसा आवाज झाला. कौशल्याबाई दाराआड होत्या. ओठांवर देवीचं नाव होतं, पण पाय पुढं पडला नव्हता.

आज सकाळीच गड्यानं निरोप आणला होता: तानूचं नाव पटावरून काटा, सोमवारी ती रोहिणखेडला मामाकडं जानार हाये, ढोरं राखाले.

बाभळीखाली गुरुजींनी गुंडाळी उलगडली. चिरलेल्या ढवळ्यातून खालची माती दिसत होती.

"आना इकडं," कौशल्याबाई म्हणाल्या, "मीच शिवून देईन."

"नाही, बाई. तानूच्या शेजारनीचं काम हाये ते. आन् तानू समोर बसलेली पायजे." गुरुजींनी गुंडाळी पुन्हा काखेत मारली. "मी त्यायच्या दारात गेलो तर हाही हात जाईन. तुमाले बाईमानूस म्हनून घरात येऊ देतीन. तिच्या आजीले भेटा, सरस्वतीबाईले. सांगा, नाव मी काटलं नाही."

कौशल्याबाईंच्या डोळ्यांपुढं तो उंबरा आला.

"काल तुमी दाराआड व्हत्या, ते मी पाह्यलं. त्याचा राग नाही," गुरुजी हळू म्हणाले. "पन सोमवारच्या आधी त्या पोरीले तुमच्या हातानं धरून वर्गात आनसान का, बाई?"