लॉग कुणाच्या नावावर?

“आधी सांग, मालक कोण?”

कीबोर्डला हात लावण्याआधी काका हे विचारायचेच. चष्मा कपाळावर, दोन्ही हात मांडीवर. सॉफ्टवेअर अडलंय, साहेब मागे येरझारा घालताहेत, आणि ह्यांचं आपलं, मालक कोण! तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल, बघा.

आमचं हैदराबादचं ऑफिस दुकानांच्या ऑर्डरींचं सॉफ्टवेअर सांभाळायचं. ते काय काय करतंय हे स्वतःच एका फाईलीत लिहीत जातं, तो लॉग. तो थांबला की आम्ही आंधळे. थांबायचा बहुधा एकाच कारणाने: फाईल भलत्याच्या नावावर, म्हणजे मालक तो, आणि सॉफ्टवेअरला लिहायची परवानगीच नाही. अशा वेळी घाईतला माणूस फाईल सगळ्यांना उघडी करून मोकळा होतो. काका करू द्यायचे नाहीत.

“नक्को गं! किल्ली हरवली म्हणून कुणी दारच काढून ठेवतं का?” उभा जन्म हैदराबादच्या नारायणगुड्यात गेलेला, त्यांच्या तोंडी साधं ‘नको’ कधी आलंच नाही.

मग कंपनीत पुनर्रचना आली. दोन विभागांचा एक झाला, जो तो आपली खुर्ची घट्ट धरून बसला. काकांचा जीव टांगणीला होता तो आईपायी. म्हातारीचं डायलिसिस कंपनीच्या विम्यावर चालायचं.

त्याच दिवसांत, काका रजेवर असताना, नव्या साहेबांनी ऐटीत स्वतःच्या ॲडमिन लॉगिनने सॉफ्टवेअर चालू केलं. झालं! लॉगची नवी फाईल साहेबांच्या नावावर तयार झाली. पुढे सॉफ्टवेअर आपल्या नेहमीच्या साध्या लॉगिनवर आलं, तर त्याला तिच्यात एक अक्षर लिहिता येईना. कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि नेमक्या तेव्हाच ऑर्डरी गहाळ झाल्या. कशा, ते सांगायला लॉगच नव्हता.

मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, “लॉग देखना किसका काम था जी?”

“फाईल आपके नाम पे है साहब. देख लेव,” काका म्हणाले.

मी तोंड उघडलं, तर मलाच गप्प बसवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ते मी त्या काचेच्या खोलीत डोळ्यांनी पाहिलं. महिनाअखेर काकांची नोकरी गेली. विमाही गेला.

काही महिन्यांनी लॉग पुन्हा थांबला. साहेब माझ्या टेबलाशी आले. “उनकू फोन लगाव ना.” लाज म्हणून नाही मेल्याला! मी लावला, कारण मला काकांचा आवाज ऐकायचा होता.

पलीकडे नुसता गलका. “मालक कोण?” त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

“हौ. सॉफ्टवेअरच्या नावावर कर. सगळ्यांना उघडी करू नकोस. लिहितंय?”

“लिहितंय काका. तुम्ही कुठे आहात?”

“सरकारी दवाखान्यात, सकाळपासून रांगेत. थांब, आईचं नाव पुकारलं.” फोन बंद झाला.

साहेब पाठीशीच उभे होते. पडद्यावर सरकणाऱ्या ओळी बघून म्हणाले, “हो गया? कुछ मांगे तो नहीं ना वो?”

मनात म्हटलं, मागितलं असतं तर आईचा विमा मागितला असता, दिला असतास?

तोंडाने म्हटलं, “नहीं.”