भिंतीवरच्या टँकरचा पंचनामा

ती घटना आठवली की मी आजही एकटाच हसत बसतो आणि घरातले विचारतात, काय झालं?

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी पोलीस निरीक्षक होतो. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं आणि त्यातच सहकारी साखर कारखान्याची निवडणूक लागलेली. प्यायला पाणी नव्हतं, पण भिंतींना रंग मुबलक होता. एका सकाळी कारखान्याचे अध्यक्ष तणतणत ठाण्यात आले. कोणीतरी गावभर भिंतींवर टँकरची चित्रं काढली होती आणि प्रत्येक टँकरला अध्यक्षांच्या मिशा होत्या. बदनामीची फिर्याद देऊन जाताना ते म्हणाले, "ही मागच्या गल्लीतल्यांचीच करनी हाय. मानूस सापडंस्तवर तिथं आमचा टँकर जानार न्हाई."

गावाला टँकर कारखान्याचेच होते. म्हणजे अख्ख्या गल्लीचं पाणी माझ्या तपासावर अडकलं. मला संताप आला, पण वर्दीत तो गिळावा लागतो.

बसस्थानकासमोरचा पानवाला आमचा जुना खबऱ्या. तो म्हणाला, "साहेब, गावात ब्रश धरनारा एकच पेंटर हाय. दुसरं कोन काढनार?" आम्ही पेंटरला उचलून आणलं. दोन्ही पॅनेलच्या घोषणा तोच रंगवत असे. हवालदारांनी आवाज चढवला, तर घाबरण्याऐवजी तो चिडला.

"आत टाका, साहेब. पन ती चित्रं माजी म्हनू नका. माज्या हाताची काही इज्जत हाय का न्हाई?"

"काय खोट आहे त्यांत?"

"चला, पायी दावतो. जीपमधून भिंत दिसत न्हाई."

भर उन्हात आम्ही निघालो. रोज जीपने जाणारा मी, ते गाव पहिल्यांदा पाहत होतो. पेंटर भिंत वाचत चालला होता. चौकातल्या भिंती सत्ताधारी पॅनेलच्या. विरोधकांच्या वाट्याला गटारीकडेच्या. एका बंगल्यावर दोन्ही पॅनेलच्या घोषणा शेजारी शेजारी होत्या. "ह्या मालकाचा ऊस कुनीबी निवडून आलं तरी आधी तुटतो," पेंटर म्हणाला. मला वर्षभराच्या गोपनीय अहवालांत एवढी माहिती मिळाली नव्हती.

मग त्याने घोषणांच्या खाली बोट दाखवलं. "हे बघा. ह्याला ब्रश लागलेलाच न्हाई. गेरू आन चुना, बोटानं काढलंय. आन समदं कंबरंच्या खाली. मी शिडीवरचा मानूस. हे खाली बसून काढलंय."

मी वाकून पाहिलं. पंचमीला बायका भिंतीवर नाग काढतात, तशीच ठिपक्यांची ओळ होती. आणि अशी चित्रं होती कुठे? जिथे जिथे टँकर थांबायचा, तिथेच. घागरी रांगेत लावून बायका तासन्‌तास जिथे बसत, तिथेच. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालो होतो. पेंटरची मी तिथेच माफी मागितली.

मागच्या गल्लीत रिकाम्या घागरींची रांग होती. रांगेच्या टोकाला एक म्हातारी बसली होती. बोटं गेरूने लाल.

"आजी, हे कुणी काढलं?"

"म्या. यंदा ऊस न्हाई, कोयता घरात पडलाय. टँकर गल्लीत यीना, म्हनून घागर घिऊन गावभरच्या रांगांत बसते. बसून करावं काय?"

"पण अध्यक्षांच्या मिशा कशाला?"

"लई दिस तोंडानं सांगितलं, कुनी आलं न्हाई. काढून दावलं, तर तुमी आलात का न्हाई?"

कबुली मिळाली, आता पंचनामा. गल्लीतला शिंपी आणि एक निवृत्त मास्तर पंच म्हणून बोलावले. बदनामीचं चित्र असेल तर त्यात काय काढलंय ते कागदावर यायलाच हवं. मी सावकाश सांगत गेलो, हवालदार लिहीत गेले. पहिल्या चित्रात टँकर गल्लीच्या तोंडाशी आलेला. दुसऱ्यात तो वळून जातोय. तिसऱ्यात मोसंबीची बाग, टँकर तिथल्या विहिरीत पाणी ओततोय. मग बदनामी खरी की खोटी, हे तपासणंही आलंच. गावात मोसंबीची बाग एकट्या अध्यक्षांचीच; पंचांना घेऊन तिथे गेलो. हातच्या कांकणाला आरसा कशाला! कारखान्याचा टँकर विहिरीत पाणी सोडत उभाच होता. तेही लिहून घेतलं.

अध्यक्षांना बोलावून सगळं वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा रुमालाने तोंड पुसलं.

"हे इतकं बारीक लिव्हायची काय गरज होती?"

"फिर्याद आपलीच आहे. कोर्टात पहिल्यांदा हेच वाचतील."

त्यांनी फिर्याद मागे घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर गल्लीत आला. खरं सांगतो, इतका आनंद मला दरोडा उघडकीस आणूनही झाला नव्हता.

त्या प्रकरणापासून नव्या ठाण्यात रुजू झालो की पहिल्या दिवशी गाव पायी हिंडायचो, आणि भिंती पार खालपर्यंत पाहायचो. ज्याचं कोणी ऐकत नाही, त्याची अर्ज लिहायची जागा तीच असते.

पण खरा धडा मिळाला तो चार दिवसांनी. म्हातारी ठाण्यात आली. "माजं नाव कुटं लिव्हलंय, दावा."

"आजी, फिर्यादच गेली. तुमचं नाव कुठेही नाही. सुटलात."

तिचं तोंड उतरलं. "म्हंजी चित्रं म्या काढली, हे कागदावर न्हाईच?"

कागदावरून नाव काढा म्हणून पाया पडणारे मी शेकडो पाहिले होते. नाव घाला म्हणणारी ही एकटीच. मी ठाणे दैनंदिनी पुढे ओढली. ठाण्यात कोण आलं, कशासाठी आलं, याची नोंद घ्यावीच लागते. तिचं पूर्ण नाव लिहिलं, चित्रं तिची असल्याचं लिहिलं. धंदा विचारला. ती म्हणाली, "ऊसतोड."

मी लिहिलं, ऊसतोड व चित्रकला. तिने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.